पितळ, पोलाद आणि चपलांच्या कपाटासमोरचा थांबा

खर्रर्र… खर्र… टक्.

दुपारचे अडीच वाजले होते. नळ बंद होता, फोन गप्प होता, आजोबांच्या खोलीतला पंखासुद्धा जपून फिरत होता. त्या शांततेत एवढाच आवाज झाला आणि ओट्यापाशी डबे पुसणाऱ्या तिनं मान न वळवता ओळखलं की गाडी थांबली. कुठे थांबली तेही ओळखलं. चपलांच्या कपाटासमोर. तसं पाहिलं तर गाडीला थांबायला घरात जागांची कमतरता नव्हती. जेवणाच्या टेबलाखाली थांबता आलं असतं, न्हाणीघराच्या दाराशी थांबता आलं असतं. पण नाही. तिला चपलांचा लळा लागला होता.

"आई, थांबली!" मुंगीनं वर्दी दिली. त्या आवाजात दुःख कमी आणि कर्तव्य जास्त होतं, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मुंगी म्हणजे तिची साडेपाच वर्षांची मुलगी. साखरेचा डबा कितव्याही फळीवर ठेवला तरी संध्याकाळपर्यंत तिथे पोचते, म्हणून मुंगी. शाळेतल्या बाईंनीसुद्धा खरं नाव टाकून हेच उचललं होतं.

तिनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, पुढच्या खोलीतून बोळात आली आणि मांडी घालून जमिनीवर बसली. दिवसभरात ती जमिनीला टेकायची ती या एकाच कारणानं. एरवी दूध उतू जातंय, कुकरची तिसरी शिट्टी की चौथी, आजोबांना उशी हवी आहे की नको आहे, या प्रश्नांमागे ती घरभर अशी फिरत असायची की नवरा म्हणायचा, "गाडीला नाही, तुला रूळ घालायला हवेत."

आता ही गाडी घरात कशी आली ते थोडक्यात. तिचे सासरे, म्हणजे मुंगीचे आजोबा, बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि अपेक्षेपेक्षा लवकर खाली आले. पायाला प्लास्टर, सहा आठवडे पलंग. तिनं ऑफिसात सहा आठवड्यांची रजा टाकली. आजोबा जन्मभर वजनंमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक होते. बाजारातले तराजू त्यांना पाहून आपोआप समतोल होत, असं ते स्वतः सांगायचे. अशा माणसाला कुणी उशी नीट करून द्यावी, चमचा हातात द्यावा, हे त्यांच्या जिव्हारी लागलं आणि त्यांनी बोलणंच सोडलं. फक्त "हं." हा "हं" तीन प्रकारचा होता. पहिला होकाराचा, दुसरा नकाराचा आणि तिसरा "तुम्हाला काय कळतंय" या अर्थाचा. तिसरा जास्त वापरात होता.

सकाळची गोळी ते घ्यायचे, संध्याकाळची घ्यायचे. दुपारची मात्र सून हातात घेऊन उभी राहिली की भिंतीकडे तोंड. एक दिवस माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणीची, विजेवर चालणारी बोटभर आगगाडी निघाली आणि मुंगीनं ती आजोबांना दाखवली, तेव्हा पलंगावर पडल्यापासूनचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य बाहेर पडलं.

"आणा गोळी गाडीनं. घेतो."

म्हातारा थट्टा करत होता, हे उघड होतं. पण मुंगी नाचायलाच लागली, आणि आईच्या तोंडून वचन निघून गेलं, "नक्की! मी ऑफिसला जायच्या आत गाडी स्वयंपाकघरातून थेट आजोबांच्या पलंगापर्यंत जाणार. आईची शप्पथ."

शप्पथ घालणारी आणि जिची घातली ती, दोघी एकच असल्यामुळे सुटायला जागा उरली नाही.

पहिल्या दुपारी गाडी चपलांच्या कपाटासमोर थांबली तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. अशा गाडीचं असं असतं की वीज रुळांतून येते, चाकांतून वर इंजिनात जाते आणि मोटार फिरते. रुळावर मळ बसला की वीज अडली आणि गाडी उभी. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या रुळांवर मळ नसेल तर काय गुलाबपाणी असेल? मायलेकी तासभर बसून रूळ पुसत राहिल्या. मुंगीनं शाळेतल्या सगळ्या भांडणांची सविस्तर हकीगत सांगितली. गाडी धावली. दुसऱ्या दुपारी त्याच जागी, टक्.

इथे तिच्यातली नोकरदार बाई जागी झाली. ती एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात होती. त्या विभागात साधी टाचणी घ्यायची तरी तीन ठिकाणचे नमुने मागवतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करतात आणि प्रत्येक नमुना सलग तीन दिवस तपासतात. एक दिवस चालला म्हणजे चालला, असं मानणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्या विभागात पाठवतात. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की नमुना बदलावा, जागा बदलू नये. नाहीतर तुलना कसली?

तिनं मुंगीच्या चित्रकलेच्या वहीचं मधलं पान फाडलं आणि रकाने आखले.

तळमजल्यावर एक निवृत्त वायरमन काका राहत. त्यांना बोलवावं लागलं नाही. बिघाडाचा वास त्यांना जिन्यातच यायचा. ते गुडघ्यावर बसले, खिशातून मीटर काढला आणि त्याच्या दोन सुया रुळावर टोचल्या.

"वीज येतेय की."

"मग गाडी का चालत नाही, काका?"

काकांनी गाडी ठेवली. गाडी ढिम्म. पुन्हा सुया टोचल्या. वीज हजर. असं चारदा झाल्यावर ते उठले, मीटर खिशात घातला आणि प्रत्येक जाणकार अडचणीत सापडल्यावर ज्या सुरात बोलतो त्या सुरात म्हणाले, "पितळ आहे, पोरी. पितळ रात्रीतून काळवंडतं. आतून."

"आतून?"

"दिसत नाही. पण असतं."

या निदानात खोट काढायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र वायरमनला उडवूनच लावलं. "आतून काळवंडायला ती काय माणसाची जात आहे? लिंबू घे, मीठ घे, खसाखसा घास." तिची रजा संपली की काकू दुपारी मुंगीला सांभाळणार होत्या, त्यामुळे त्यांचा सल्ला डावलणं शक्य नव्हतं. तिनं रूळ लिंबानं घासले. ते असे लखलखले की त्यात मुंगीचे दात दिसू लागले. त्या दिवशी गाडी सुसाट गेली. आजोबांच्या खोलीतून पहिल्या प्रकारचा "हं" ऐकू आला, असं मुंगीचं म्हणणं होतं. गोळी त्याच दिवशी पाठवता आली असती. पण तीन दिवस सलग! नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दुपारी, टक्.

तक्त्यात पितळाच्या रकान्यात तिनं लिहिलं, "दिसायला उत्तम. स्वभाव बेभरवशाचा." मुंगीनं खाली एक मुंगी काढली.

मग पोलाद आलं. कोपऱ्यावरच्या घड्याळजीनं आपल्या दुकानातल्या जुन्या खेळण्याचा पोलादी तुकडा मोठ्या मनानं दिला आणि वर तासभर प्रवचनही दिलं. घड्याळाची कमान कशाची असते? पोलादाची. पोलादासारखा धातू नाही. पितळ म्हणजे नुसता दिखावा. "फक्त पाणी लागू देऊ नका, ताई. पोलादाला सगळं चालतं, अपमान चालत नाही." तिनं चपलांच्या कपाटासमोरचा पितळी तुकडा काढून बरोब्बर त्याच जागी पोलादी बसवला. पहिल्या दिवशी गाडी धावली. दुसऱ्या दिवशी उभी.

"पाणी लागलं असणार," घड्याळजी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पोलादाच्या वतीनं दुखावल्याचा भाव होता.

पाणी कुठून लागणार? संशय नवऱ्यावर गेला. बोळातून न्हाणीघरात जायचं तर त्याला रूळ ओलांडावे लागत, आणि आंघोळीहून येताना तो ओल्या पायांनी लांब उडी मारायचा. एकदा गाडीच्या सिग्नलच्या खांबावर उतरला होता आणि तेव्हापासून लंगडत ऑफिसला जात होता.

"माझ्या पायाचं पाणी इतकं नेम धरून पडतं का?" त्यानं विचारलं.

"तुझं काही सांगता येत नाही. आणि माझी बिनरंगी नेलपॉलिश पाहिलीस का कुठे? रजा संपत आली, ऑफिसला जायचंय, बाटलीच सापडत नाहीये."

"बिनरंगी वस्तू कशी पाहणार?" असं म्हणून तो लंगडत निघून गेला. मुंगी त्या वेळी चपलांच्या कपाटापाशी अतिशय मन लावून आपल्या बुटाची नाडी बांधत होती. ती शाळेला निघाली नव्हती. त्या दिवशी सुट्टी होती.

अ‍ॅल्युमिनियमचा प्रयोग फार काळ चालला नाही. समोरच्या इमारतीत खिडक्या बसवणाऱ्या कारागिरानं एक पट्टी कापून दिली. पण अ‍ॅल्युमिनियमला साधा डाख, म्हणजे सोल्डर, धरत नाही. तार जोडायला गेलं की डाखाचा थेंब मोत्यासारखा घरंगळतो आणि मांडीवर पडतो. तिची सलवार दोन ठिकाणी जळली, वायरमन काकांची मिशी एका ठिकाणी. शेवटी तार चिमट्यानं दाबून धरली. पहिल्या दिवशी गाडी गेली. दुसऱ्या दिवशी, अर्थातच. तिसऱ्या रकान्यात तिनं फक्त "नको" लिहिलं आणि मुंगीनं मिशी काढली.

आता उरलं निकेल सिल्व्हर. हौशी लोक याच धातूचे रूळ वापरतात, हा गंजला तरी वीज अडवत नाही, असं तिला एका दूरच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं. तिनं सहा तुकडे मागवले. ते चार दिवसांत पोचले. म्हणजे पार्सलच्या कचेरीपर्यंत पोचले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी पुडक्यावरची चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"बाई, यात चांदी आहे."

"नाही हो. नुसतं नाव आहे. आत तांबं, जस्त आणि निकेल."

"इथे सिल्व्हर लिहिलंय. मौल्यवान धातूला वेगळा फॉर्म."

"पण चांदी नाहीच आहे त्यात!"

"असं प्रत्येकजण म्हणेल. सराफाकडून लिहून आणा."

ती सराफाकडे गेली. सराफानं तुकड्याचं चित्र पाहिलं, किंमत पाहिली आणि दुकानाच्या छापील कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं, "सदर वस्तूत चांदी असणे संभवत नाही." शिवाय वर म्हणाला, "ताई, रूळ खऱ्या चांदीचेच करू या की. विजेला चांदीसारखा धातू नाही. घडणावळीत सूट देतो." सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ते खरं, पण त्याला रूळ टोचायला देऊ नयेत. ती कागद घेऊन खिडकीवर परतली.

गृहस्थांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"म्हणजे चांदी नाही."

"नाही."

"आणि पाठवणाऱ्यानं सिल्व्हर लिहिलंय. म्हणजे खोटी माहिती दिली. त्याला दुसरा फॉर्म."

तिनं दुसरा फॉर्म भरला. "तक्रारीचे स्वरूप" या रकान्यात काय लिहावं सुचेना. खरेदी विभागात सहा वर्षं ती लोकांना असेच फॉर्म भरायला लावत आली होती. आज पहिल्यांदा ती खिडकीच्या या बाजूला होती, आणि या बाजूला बसायला खुर्ची नसते हा शोध तिला लागला.

शनिवारी निकेल सिल्व्हरचे रूळ बसले. चपलांच्या कपाटासमोर, बरोब्बर त्याच जागी. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तीन दिवस तपासायला आता वेळ नव्हता. रजा संपून ऑफिसला जायचा सोमवार तोंडावर आला होता. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि रविवारी दुपारी गोळी पाठवायचं जाहीर केलं.

रविवारी अडीच वाजता बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. वायरमन काका उरलेल्या मिशीसह आले होते. घड्याळजी वेळ लावायला आला होता. वरच्या काकू हातात लिंबू घेऊन उभ्या होत्या, न जाणो. नवरा न्हाणीघराच्या दारात, एका पायावर. तिनं मालगाडीच्या उघड्या डब्यात कापूस घातला, त्यावर गोळी ठेवली आणि बटण फिरवलं. गाडी स्वयंपाकघरातून निघाली, टेबलाखालून गेली, वळण घेऊन बोळात शिरली.

खर्रर्र… खर्र… टक्.

सगळ्यांच्या माना रुळाकडे वाकल्या. मग काकू हळूच म्हणाल्या, "लिंबू देऊ?"

"मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, आतून," वायरमन काका म्हणाले.

"पोलाद अजून विचारात घेता येईल," घड्याळजी म्हणाला.

ती गाडीपाशी खाली बसली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, ते डाखाच्या धुरामुळे असं सांगायला आज धूरही नव्हता. महिनाभर घासलं, जोडलं, भाजलं, फॉर्म भरले. उद्या सकाळी पर्स खांद्याला लावून निघायचं, आणि पोरीला दिलेला एक शब्दही पाळता आला नाही. मुंगी तिला चिकटून बसली होती आणि तिचा खालचा ओठ थरथरत होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "हं" नव्हता तो. अख्खं वाक्य होतं.

"माझ्या उजव्या बुटात बघ."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं चपलांचं कपाट उघडलं. प्लास्टर घातल्यापासून आजोबांच्या काळ्या बुटांना कुणी हात लावला नव्हता. उजव्या बुटात तिनं हात घातला, आणि बाहेर आली ती बिनरंगी नेलपॉलिशची बाटली. तळाशी दोन थेंब उरले होते.

तिनं बाटलीकडे पाहिलं. रुळाकडे पाहिलं. नखानं रूळ खरवडला. कांद्याच्या सालीसारखा एक पातळ पापुद्रा सुटून आला. इंजिनाच्या लांबीपेक्षा बोटभर जास्त. म्हणजे इंजिन ठेवून, मापून लावलेला. मीटरच्या सुया त्यातून आरपार टोचत होत्या आणि बिचारी चाकं वरच राहत होती. पितळावर तेच, पोलादावर तेच, अ‍ॅल्युमिनियमवर तेच. आणि ती दर वेळी नवा धातू इमानदारीनं त्याच जागी आणून बसवत होती, तपासणी काटेकोर व्हावी म्हणून.

ती दारात जाऊन उभी राहिली. पलंगासमोरच्या कपाटाला आरसा होता आणि त्या आरशात चपलांचं कपाट लख्ख दिसत होतं.

"बाबा, तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"बत्तीस वर्षं तराजूखाली लावलेलं मेण शोधलंय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलं का कुणी?" आजोबा उशीवर जरा वर सरकले. "इमारतभर विचारलंस. खिडक्या बसवणाऱ्याला विचारलंस. सराफाला विचारलंस. काखेत कळसा आणि गावाला वळसा." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "आणि दुपारी तुमची दोघींची बडबड ऐकू यायची. बरं वाटायचं. मी कशाला बिघडवू?"

ती कापूस आणि नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन आली. रूळ पुसला. बटण फिरवलं. गाडी निघाली, चपलांच्या कपाटासमोरून अगदी ओळख नसल्यासारखी गेली, उंबरा चढली आणि पलंगाच्या पायाशी जाऊन उभी राहिली. आजोबांनी वाकून गोळी उचलली, दोन बोटांत धरून उजेडात तपासली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली.

"हं," ते म्हणाले. हा चौथा प्रकार होता. तो घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

बोळात टाळ्या झाल्या. प्रत्येकजण आपलंच निदान बरोबर ठरल्याच्या आनंदात घरी गेला. काकूंचं म्हणणं, लिंबानं ते रोगणसुद्धा निघालं असतं. नवरा दोन्ही पाय टेकून चहा ठेवायला गेला.

ती मुंगीपाशी बसली. रागवायचं ठरवूनच बसली होती. पण मुंगीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले होते, आणि लपवण्याआधी तिला दिसलं होतं की त्या दहाही नखांवर वाकडीतिकडी चकाकी होती. इतके दिवस जेवायच्या आधी हे हात तीच धुऊन देत होती, रोज.

"का गं केलंस असं?"

मुंगीनं पायाच्या अंगठ्यानं रूळ ढोसला.

"पहिल्यांदा खरीच थांबली होती," ती म्हणाली. "मी नव्हती थांबवली. आईशप्पथ. मग तू खाली बसलीस."

आतून चहाच्या भांड्याचा आवाज आला. तिनं मुंगीला मांडीवर ओढलं. गाडी पलंगापाशी उभी होती, रूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ चमकत होते, आणि दारामागच्या खुंटीला उद्यासाठी तिची पर्स टांगलेली होती. मुंगीनंही ती पाहिली. मग मान वर करून, अगदी खरेदी विभागाला शोभेल अशा गांभीर्यानं विचारलं,

"आई, मग उद्या काय बिघडणार आहे?"